मिनार टाकीवर

कुवेतमधल्या फिंतासच्या किनाऱ्यावर महादेवला नावाने ओळखणारे थोडे, पण त्याला कधी पाहिलेलंच नाही असा माणूस शोधावा लागेल. शुक्रवारची सकाळ झाली की हा हजर. कानांना हेडफोन, हातात लांब दांड्याचं मेटल डिटेक्टर, कमरेला जाळीचं फावडं आणि डोक्यावर मेंटेनन्स कंपनीची टोपी. यंत्र वाळूवरून डावीउजवीकडे फिरवत असा संथ चालतो की नवख्याला वाटावं, किनारा झाडायला नव्या तऱ्हेचा झाडू आलाय. त्याची बायको मालन गुहागरकडच्या गावातून व्हिडिओ कॉलवर विचारते, "आज काय गावला भंगार?" आणि हा बापडा एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून दाखवतो.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस तो अहमदीत एसी दुरुस्त करतो. तेल कंपनीने वसवलेलं ते गाव. बंगले जुने आणि एसीही बंगल्यांना शोभतील असे म्हातारे, त्यामुळे कामाला तोटा नाही. महादेव जातीचा खारवी. बापाची होडी होती. बापामागे होडी गेली, महादेव आयटीआय करून कुवेतला आला, तो आता पन्नाशी उलटली तरी इथेच. खोलीतली इतर मंडळी सुट्टीच्या दिवशी पत्ते कुटतात किंवा झोपा काढतात. ह्याला दोन्ही जमत नाही. असा माणूस कशाच्या तरी नादी लागणार हे उघड होतं.

यंत्र त्याला एका स्कॉटिश इंजिनिअरने दिलं. तो साहेब बंगला खाली करून कायमचा मायदेशी चालला होता आणि सामान बांधता बांधता वैतागला होता. एसी उतरवायला गेलेल्या महादेवच्या हातात त्याने ते यंत्र ठेवलं आणि कसं चालवायचं ते अंगणातच दाखवलं. पहिले काही महिने महादेवने नुसती बाटल्यांची झाकणं गोळा केली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की वाळूत कुठेही नाक खुपसण्यात अर्थ नाही. वस्तू पडते ती माणसं जिथे बसतात, उतरतात, आंघोळ करतात, वाट बघतात तिथे. आज माणसं कुठे बसतात ते सगळ्यांनाच दिसतं. पन्नास वर्षांपूर्वी कुठे बसायची ते फक्त नकाशाला माहीत.

म्हणून तो नकाशांच्या मागे लागला. शुक्रवारच्या जुन्या बाजारात मोडक्या खुर्च्या आणि घड्याळांच्या ढिगात कधी तेल कंपनीच्या पहिल्या तंबूंचा नकाशा मिळे, कधी नगरपालिकेचा, कडा कुरतडलेला. दुकानदारांना वाटे, भिंतीवर लावायला नेतोय. महादेव खोलीवर नेऊन त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवी, जुने रस्ते, विहिरी, धक्के पेन्सिलने उतरवून घेई आणि तो कागद आजच्या नकाशावर ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवी. उजेडात दोन्ही गावं एकावर एक दिसत. जिथे जुन्या नकाशात होड्या लागायच्या आणि आज नुसती मोकळी वाळू आहे, तिथे स्वारी शुक्रवारी निघायची. साठ-एकसष्ट सालापर्यंत इथे आपलाच रुपया चालायचा, त्यामुळे अशा जागी त्याला आपले आणे आणि पैसे सापडायचे. लोणच्याच्या बरणीत ते त्याने साठवलेत. त्या बरणीकडे बघताना त्याचा चेहरा असा फुलतो की कुणाला वाटावं, आत मोहरा आहेत.

दोन कागद जुळवायचे तर दोन-चार न हलणाऱ्या गोष्टी लागतात. महादेवचं गणित ठरलेलं होतं. रस्ते रुंदावतात, घरं पडतात, किनारासुद्धा भराव घालून पुढे सरकतो. पण कबरस्तान आणि पाण्याची टाकी जागची हलत नाही. आधी ह्या दोन खुणा जुळवायच्या, बाकीचं आपोआप जुळतं. फिंतासचा ऐंशीच्या दशकातला एक मोठा नकाशा मात्र असा जुळवायला गेलं की वाकडा व्हायचा. टाकी आणि कबरस्तान जुळवलं की मशीद समुद्राकडे जायची आणि चौक कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत. महादेवने तो नकाशा काढणाऱ्याला दोन शिव्या घातल्या आणि गुंडाळी खाटेखाली सारून दिली.

त्याचे काही नियम होते आणि ते तो मोडत नसे. वाळवंटात जायचं नाही, कारण लढाईतलं काय काय अजून तिथे पुरलेलं असतं. पुराणकाळातलं काही दिसलं तर हात लावायचा नाही, सरकारी खात्याला कळवायचं. गोल नळकांड्यासारखं लोखंड लागलं की मागे व्हायचं आणि पोलिसांना फोन करायचा. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, मग त्यात काही मिळो न मिळो.

ह्या माणसाची आणि शहरबानूचाचींची गाठ एसीमुळेच पडली. चाचींचा मुलगा जहीर ह्याचं फिंतासला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या फ्लॅटचा एसी पाणी गाळत होता. महादेव शिडीवर चढून काम करत असताना मालनचा फोन आला आणि ह्याने दोन वाक्यं आपल्या बोलीत बोलली. आतून सत्तरीकडे झुकलेली, सडपातळ, नाकीडोळी करारी बाई बाहेर आली.

"खाडीच्या अलीकडचा की पलीकडचा रे तू?"

"अलीकडचा, चाची."

"आमी पलीकडचे. खाली उतर, चाय घे."

दाभोळच्या खाडीचं पाणी दोघांच्या गावांमधून वाहत होतं, एवढी ओळख परमुलखात पुष्कळ झाली. चाची मुलाकडे भेटीच्या व्हिसावर आल्या होत्या. चहा पिता पिता जहीरने विचारलं, "तो किनाऱ्यावर मशीन घेऊन फिरतो तो तूच ना, महादेवभाऊ?" महादेवने कबूल केलं. जहीर आईकडे बघायला लागला. आई खिडकीबाहेर. मग चाचींनीच सांगायला सुरुवात केली.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकी फौजा शिरल्या तेव्हा हे कुटुंब फिंतासलाच भाड्याने राहत होतं. चाचींचे यजमान तौफीक प्लंबर. त्याआधी गावी दालद्यांच्या, म्हणजे मुसलमान कोळ्यांच्या, होडीवर तांडेल, होडीचा म्होरक्या. बसराच्या वाटेने जॉर्डनला पळायचं ठरलं, पण वाटेत चौक्यांवर अंगावरचं सोनं काढून घेतात असं ऐकू येत होतं. चाचींच्या पाटल्या, साखळी, झुमके, सगळं त्यांच्या आईने दिलेलं. तौफीकने ते कपड्यात गुंडाळून लोखंडी पाइपच्या तुकड्यात घातलं, दोन्ही टोकांना कॅप आवळल्या आणि पहाटे एकटाच किनाऱ्यावर जाऊन पुरून आला. जमिनीत नाही. जमीन कुणाची ना कुणाची असते, कधी कोण पाया खणेल सांगता येत नाही. त्याने ओहोटीच्या पट्ट्यात, खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सपाट खडकाच्या, कडेला पुरलं. खूण सांगितली ती तांडेलाची: मशिदीचा मिनार पाण्याच्या टाकीवर आणायचा, म्हणजे मिनाराआड टाकी झाकली गेली पाहिजे, आणि त्या रेषेत खडपापर्यंत खाली यायचं.

लढाई संपल्यावर तौफीक एकटाच परत आला. किनाऱ्यावर सुरुंग पेरलेले, तारांची कुंपणं. ते सगळं साफ होऊन किनारा खुला होईपर्यंत दोन-तीन वर्षं गेली. मग त्याने शोधलं. सुट्टी सुट्टीला शोधलं. आणि गावी येऊन सांगितलं की सापडत नाही.

"दर्यात धा वाव पान्याखालचा दगड हुडकायचा तो," चाची म्हणाल्या. "मिनार धरायचा, डोंगर धरायचा, अन् जाळं नेमकं टाकायचा. अन् सोताच्या हातानं पुरलेलं वाळूत सापडत नाय? कोन मानील?"

कुणीच मानलं नाही. त्यात त्याच वर्षी तौफीकच्या बहिणीच्या, लैलाच्या मुलीचं लग्न झालं आणि नवरीच्या हातात पाटल्या दिसल्या. गावाला एवढं पुरे होतं. चाचींनाही पुरे झालं. भावाने बायकोचं सोनं बहिणीला दिलं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि त्या दिवसापासून लैलाच्या घरी पाणी प्यायल्या नाहीत. दोन्ही घरं एकाच पाखाडीवर, अंगणाला अंगण लागून. तौफीकने एकदाच शपथ घेतली, नंतर तो विषय काढला की उठून खळ्यात जाऊन बसायचा. सात वर्षांपूर्वी तो गेला. मयताच्या दिवशीही लैला एका खोलीत रडत होती आणि चाची दुसऱ्या.

"तुज्या मशीनला दिसंल?"

"दिसेल की, चाची. असलं तर."

चाचींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "खरं सांगू रे? नाय सापडलं तर बरं, असं पन वाटतं. सापडलं तर मी काय करू? तो खरा व्हता असं कुनाला जाऊन सांगू?"

महादेवने कप खाली ठेवला आणि एसीचा पाइप साफ करून टाकला. पण त्या रात्री तो झोपला नाही म्हटलं तरी चालेल. सोन्याचं त्याला काही नव्हतं. एका तांडेलाचा शब्द वाळूत पडून राहिलाय, ह्याने मात्र त्याला बापाची आठवण झाली आणि आत कुठेतरी दुखलं.

चाचींचा व्हिसा संपायला थोडेच दिवस होते. पहिल्या शुक्रवारी महादेव आणि जहीर किनाऱ्यावर गेले. आजच्या मशिदीचा मिनार आजच्या टाकीवर आणायला अडचण नव्हती. दोन टॉवरांच्या फटीतून दोन्ही दिसत होती. एरवी महादेव यंत्राला लोखंड गाळायला सांगतो, नाहीतर खिळे जीव नकोसा करतात. आज पाइप शोधायचा म्हणून गाळणं बंद. मग काय विचारता! खिळे, तारा, गळ, सरबताचे डबे, गंजलेली कडी, एक अख्खा स्टोव्ह. जहीर आधी उत्साहात होता, दुपारपर्यंत त्याची कंबर बोलायला लागली. त्या रेषेत खडपाची कड बोटाबोटाने तपासून झाली. पाइप नव्हता.

"अब्बांनीपण इथेच शोधलं असणार," जहीर म्हणाला.

हे वाक्य महादेवच्या डोक्यात अडकलं. तौफीक इथेच शोधत होता, ह्याच रेषेत, आणि तांडेल रेष चुकत नाही. समुद्रावर पोराला पहिली गोष्ट शिकवतात ती हीच. डोळ्यांना वाटेल इकडे आहे, मन म्हणेल तिकडे आहे. दोघांचं ऐकायचं नाही, खुणेचं ऐकायचं. खूण जुळली की डोकं चालवायचं नाही. महादेवला बापाने होडीवर एकदा ह्याच गोष्टीसाठी कानफटात मारली होती. म्हणजे तौफीकला खूण जुळलेली दिसली असेल तर तो दुसरीकडे शोधणारच नाही, उभ्या जन्मात नाही. पण खूणच हलली असेल तर?

तो घाईने खोलीवर आला आणि खाटेखालून ती वाकडी गुंडाळी बाहेर काढली. ट्रेसिंग पेपर काचेला लावला. ह्या वेळी त्याने टाकी जुळवली नाही. कबरस्तान जुळवलं, मशीद जुळवली. चौक झटकन जाऊन आपल्या जागी बसला. शाळेचा कोपरा बसला, जुना रस्ता बसला. सगळा गाव रांगेत आला आणि एकटी टाकी बाहेर राहिली. जुन्या नकाशात ती आजच्या टाकीच्या बरीच दक्षिणेला होती.

नकाशा काढणाऱ्याची त्याने मनातल्या मनात माफी मागितली. मग स्वतःलाच दोन शिव्या दिल्या, कारण टाकी हलत नाही हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो नकाशात दाखवलेल्या जागी गेला. एका शाळेच्या भिंतीमागे मोकळा प्लॉट होता आणि लोक तिथे गाड्या लावत होते. गाड्यांच्या खाली काँक्रीटचा मोठा गोल पाया, आणि मधोमध जमिनीसपाट कापलेले जाड पाइप. जुनी टाकी लढाईनंतर, किनारा अजून बंद असतानाच कधीतरी, पाडली आणि तशीच नवी दुसऱ्या प्लॉटवर उभी केली, एवढीच गोष्ट. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला इतक्या लांबून कशी कळावी? टाकी ती टाकी. तौफीकने मिनार टाकीवर आणला, खूण बरोबर जुळली, आणि तो आयुष्यभर चुकीच्या जागी खणत राहिला.

महादेवने जुन्या टाकीपासून मिनारावरून रेघ ओढली आणि समुद्रापर्यंत नेली. मागची खूण दक्षिणेला गेली की किनाऱ्यावरची जागा उत्तरेला जाते. रेघ उतरली ती आधीच्या जागेच्या उत्तरेला, नव्या फरसबंद रस्त्याच्या कडेला शौचालयाची छोटी इमारत आहे तिच्या थोडं पुढे. खडप तिथेही होतं. गावच्या तिथीच्या हिशेबाने इथली ओहोटी चालत नाही, म्हणून त्याने फोनवर पाहिलं. पाणी शुक्रवारी सकाळी लांब जाणार होतं, आणि चाचींचं विमान रविवारचं.

चाचींनी यायचा हट्ट धरला. जहीरने प्लास्टिकची खुर्ची वाळूत मांडली, तिच्यात त्या ताठ बसल्या. जहीरची मुलगी हिबा शेजारी उभी राहून म्हणाली, "दादी, इट्स जस्ट सँड." चाचींनी तिला गप्प बसवलं. पाणी मागे गेलं होतं, खडपाची काळी कड उघडी पडली होती. महादेव वाकून यंत्र फिरवायला लागला. एक डबा निघाला. एक साखळी निघाली, होडीची. मग खडपाच्या बेचक्यात यंत्र असं ओरडलं की महादेवच्या हेडफोनमधूनही ते जहीरला ऐकू आलं.

महादेवने फावड्याने वाळू काढली, मग हाताने. बोटांना गोल लोखंड लागलं. जाड, लांबट, टोकाला बंद.

त्याने हात काढून घेतला. "मागे व्हा," तो म्हणाला. "चाचींना घेऊन वर रस्त्यावर जा. लगेच." त्याचा आवाज ऐकून जहीरने काही विचारलं नाही. नियम तर नियम, फोन त्याच्या खिशात होता. पण खड्ड्यातल्या पाण्याने वाळू जराशी धुतली गेली आणि त्या टोकाच्या कडेने काहीतरी केसाळ बाहेर आलेलं दिसलं. गंजाने लाल झालेलं, पण ओळखू येण्याजोगं. आट्यांवर गुंडाळलेली सुतळी, आणि तिच्यावर सफेद्याचा दगड झालेला लेप. तोफगोळ्याला कुणी सुतळी आणि सफेदा लावत नाही. ते आपल्याकडचा प्लंबर लावतो, पाणी आत शिरू नये म्हणून.

"जहीर!" तो ओरडला. "ये रे! तुझ्या बापाचं काम आहे!"

कॅप फिरेना, ती लोखंडात लोखंड झाली होती. जहीरने गाडीतून हातोडी आणली आणि महादेवने पाइप खडपावर ठेवून कडेकडेने ठोकला. पापुद्रे सुटले. आत काळा पडलेला कपडा होता आणि कपड्यात पाटल्या होत्या, साखळी होती, झुमके होते. सोन्याला काहीसुद्धा झालं नव्हतं.

महादेवने ते सगळं चाचींच्या पदरात ठेवलं. त्यांनी पाटल्या हातात घातल्या नाहीत. पाइपचा तुकडा मागून घेतला, त्या सुतळीवरून अंगठा फिरवला आणि तोंडाला पदर लावून मोठ्याने रडल्या. जहीरही रडत होता. हिबाला काय चाललंय ते कळेना, तिने आजीचा खांदा घट्ट धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने चाची म्हणाल्या, "फोन लाव."

"कुनाला, अम्मी?"

"लैलाला."

जहीरने नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन त्यांच्या हातात दिला.

"लैला, मी शहरबानू."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"सापडलं," चाची म्हणाल्या. "सगळं हाय. त्यानं पुरलं व्हतं तसंच हाय."

मग लैलाचा म्हातारा आवाज आला, "भाई बोलला व्हता." आणि तिने फोन ठेवून दिला.

चाची फोनकडे बघत बसल्या. महादेवला तिथे उभं राहवेना. तो खडपाकडे वळला आणि सवयीने खड्डा बुजवायला लागला. वाळू आत ढकलली, पायाने दाबली. भरतीचं पाणी खडपाला लागायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात मागे फोन वाजला. जहीरने घाईघाईने बटण दाबलं.

"भाबी," लैला म्हणाली, "कवा येतेस?"

"आयतवारी निघते. सोमवारी घरात."

"मंग पयली माज्याकडं ये. पानी भरून ठेवते."

"येते," चाची म्हणाल्या. "पानी पिऊनच माज्या घरात जाईन."

महादेवने फावडं धुतलं, यंत्र बंद केलं आणि खुर्ची उचलायला गेला.